आजीबाईंचा अभ्यासक्रम

रावेरची केळी आखातात जातात आणि रावेरच्या आज्या अमेरिकेत. केळीला भाव तरी मिळतो. सुनेला सातवा महिना लागला की आजीची मागणी येते. मग पासपोर्ट, व्हिसा, उडदाचे पापड, मेथीचे लाडू असा क्रम ठरलेला. यंदा आमच्या घरी त्यात पुस्तकांची भर पडली. अमेरिकेत एडिसन गावी राहणाऱ्या आमच्या सूनबाईंनी कुरिअरनं एक खोकंच पाठवलं. बाळ सांभाळणाऱ्यांसाठी उपयुक्त पुस्तकं! "आईंना निघायच्या आधी एकदा नजरेखालून घालायला सांगा," असा फोनही आला. आता विजूची आई, म्हणजे आमची ही, मराठी सातवी पास आणि पुस्तकं सगळी इंग्रजी. तेव्हा अभ्यास तिचा आणि वाचन माझं, अशी वाटणी झाली. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, म्हातारपणी वाट्याला दुपटी आली.

खोक्यातलं पहिलं पुस्तक ओ पेअर म्हणून जाणाऱ्या मुलींसाठीचं निघालं. परदेशी मुलींना मुलं सांभाळायला बोलावण्याची अमेरिकेत रीतसर सरकारी योजना आहे. वय 18 ते 26. आठवड्याला 45 तासांहून जास्त काम नाही, दिवसाला 10 तासांहून नाही, शिवाय आठवड्यातून दीड दिवस सुट्टी. त्याआधी 32 तासांचं प्रशिक्षण, आणि मूल दोन वर्षांखालचं असेल तर बाळं सांभाळल्याचा 200 तासांचा, लेखी नोंद असलेला अनुभव.

विजूची आई पापड लाटत ऐकत होती. "दीड दिवस सुट्टी? मंग तवा पोरगं कोन पाहते?"

"त्याची आई."

"बरं हाये," म्हणून तिनं पुढची लाटी घेतली.

अनुभवाचे तास मोजायला मी वही काढली होती. स्वतःची दोन, दिराची तीन, शेजारणीचं एक (शेजारीण कापूस वेचायला जायची). हिशेब 200 च्या इतका पुढे गेला की मी वही मिटली. वयात मात्र ती बसत नाही, आणि पर्यटक व्हिसावर सहा महिने नातू सांभाळणाऱ्या आजीला दीड दिवस सुट्टी द्यावी असा कायदा अजून कुठल्या देशानं केलेला नाही.

मग डॉक्टर बेंजामिन स्पॉक. 1946 साली आलेलं हे पुस्तक जगभर कोट्यवधी खपलं. आईबापांनी स्वतःवर भरवसा ठेवावा, असं डॉक्टर सुरुवातीलाच सांगून टाकतात. मग पुढची शेकडो पानं कशाला, हा विजूच्या आईचा प्रश्न मला सोडवता आलेला नाही. याच पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्यांत बाळाला पालथं झोपवा असा सल्ला होता. नंतर कळलं, पालथ्या झोपणाऱ्या बाळांत झोपेतच दगावण्याचा धोका जास्त. 1992 मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी सल्ला फिरवला आणि 1994 पासून बाळाला उताणं झोपवण्याची देशभर मोहीम निघाली.

"आमचं झोयीतलं पोरगं उतानंच झोपे," विजूची आई म्हणाली. तिचा विजय पुढच्या पानापर्यंत टिकला. तिथं लिहिलं होतं : गादी सपाट आणि घट्ट हवी, झोळ नको, उशी नको, गोधडी नको. गोधडी शिवून, घडी घालून बॅगेत सगळ्यात खाली ठेवलेली होती.

पुढचा पेपर याहून अवघड गेला. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही. मधातून बोट्युलिझम नावाचा, स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो त्या गावात हे वाचून दाखवायला छाती लागते. काजळही नको, कारण त्यात शिसं असू शकतं. इथं लाटणं थांबलं.

"डोयात काजय नाही तं दिष्ट लागन ना पोराले!"

बरीच वाटाघाट होऊन तीट तळपायाला लावायची असं ठरलं. या तिन्ही बाबतींत मी पुस्तकाच्या बाजूनं आहे, हे मी हळू आवाजात सांगितलं.

सहा महिन्यांनंतर पहिलं अन्न कोणतं द्यावं? तर कुस्करलेलं केळं. हे रावेर तालुक्याला सांगायला अमेरिकेहून पुस्तक यावं! पण ताजी फळं तिथल्या विमानतळावर पुढे जाऊ देत नाहीत, आणि तिथल्या दुकानात बहुतेक केळी येतात ती ग्वाटेमाला आणि आसपासच्या देशांतून. "आपल्या वावरात घड लटकेल असतीन आन मी दुकानातून केय आनू?" हा अपमान पुस्तकात कुठंच धरलेला नाही.

खोक्यात एक नाव मात्र नव्हतं. मुलं सांभाळण्यात ज्याचा हात कुणी धरू शकणार नाही असा माणूस आमच्या खानदेशात, अमळनेरला होऊन गेला. साने गुरुजी 1924 मध्ये प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे छात्रालयही बघू लागले. पोरांची अंथरुणं आवरायची, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, शिवाय मुलांसाठी रोज हातानं लिहून छात्रालय दैनिक काढायचं. 45 तासांचा हिशेब तिथं कोण ठेवणार? 'श्यामची आई' त्यांनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न'मधला मास्तरही दंगा करणाऱ्या वर्गाला आधी गोष्ट सांगायला घेतो. या दोघांना जे कळलं होतं ते खोक्यातल्या एकाही पुस्तकात मला धड सापडलं नाही : मूल सांभाळणाऱ्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी पाहिजे.

म्हणून बॅगेची फेरमांडणी झाली. गुदमरणं, भाजणं, ताप आणि शेंगदाणे-द्राक्षं घशात अडकणं, एवढ्या पानांचं मी मराठी करून दिलं. ते फ्रिजवर चिकटेल. उरलेल्या जागेत माधुरी पुरंदऱ्यांचं 'राधाचं घर' बसलं. नातू मोठा होईपर्यंत आजी वाचेल. पापडांना कुणी हात लावू दिला नाही.

आणि परदेशातल्या तमाम सूनबाईंना विनंती : पुस्तकं जरूर पाठवा, आमच्या आज्या ऐकतात. पण मराठीत पाठवा. दुपारी आम्हाला जरा झोपायचं असतं.