चांगलं स्कॅन कर

आजोबांच्या शेताचं मोडीतलं खरेदीखत आमच्याकडे धुळ्याला पडून आहे. चार पानं. घडी घातली की सदऱ्याच्या खिशात मावतं. जळगावच्या आप्पाच्या, म्हणजे आत्येभावाच्या ओळखीत एक मोडी वाचणारे निघाले, म्हणून त्याची प्रत धाडायची ठरली. झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराला सांगितलं, "चांगलं स्कॅन कर बरं." इथंच माती खाल्ली.

चांगलं म्हणजे मोठं, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्यानं 600 डीपीआय लावले, वर रंगीत आणि टिफमध्ये. ए-फोरएवढं पान असं काढलं की त्यात साडेतीन कोटी ठिपके बसतात आणि दर ठिपक्याला 3 बाइट लागतात. पानामागे 100 एमबीच्या वर गेलं. शेत सव्वादोन एकर, खत 400 एमबी!

जीमेलनं दारातूनच परत धाडलं. त्याची मर्यादा 25 एमबी, आणि तीही बोलायचीच. मेल जोडलेली फाईल साध्या अक्षरांत बदलून नेतो, त्यात ती तिसऱ्या हिश्शानं फुगते. उंडा केवढासा आणि खापरावरचा मांडा केवढा, तसं. म्हणजे हातात 18-19 एमबीच येतात.

व्हॉट्सॲपवर 2022 पासून 2 जीबीची फाईल जाते. पण ती 'डॉक्युमेंट' म्हणून धाडावी लागते. मी पानांचे फोटो काढून धाडले. व्हॉट्सॲपनं ते असे पिळले की मोडीच्या जागी मुंग्यांची रांग दिसायला लागली.

मग भाच्यानं फाईल ड्राइव्हवर चढवून लिंक दिली. दहा मिनिटांत आप्पाचा फोन.
"काय रे भो, 'परवानगी मागा' म्हणतंय ते!"
"मग माग ना, एक बटण दाबायचंय."
"शेत आजोबांचं. माझ्या आईची सही आहे हक्कसोडपत्रावर. आणि परवानगी मी मागू?"
दोन दिवस अबोला. ज्यानं ते बटण बनवलं, त्याला आत्येभाऊ नसावेत.

तसं हे दुखणं जुनंच. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करत दप्तरं धुंडाळायचे, तेव्हाही घरमालक कागद दाखवायला कां कूं करायचेच. 1926 च्या 31 डिसेंबरला ते आमच्या धुळ्यातच गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं इथं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांच्या कागदांना वाळवी लागली असेल, पण 'फाईल फार मोठी आहे' असं त्यांना कुणी ऐकवलं नाही.

मधेच एका सरकारी अर्जाला हेच खत 200 केबीत हवं झालं. दाबून दाबून 198 वर आणलं. शेरा आला: कागदपत्र अस्पष्ट.

शेवटी पेनड्राइव्ह भाच्याच्या हाती देऊन त्याला एसटीत बसवलं. पारोळा, एरंडोल करत अडीच तासांत जळगाव. 64 जीबीचा पेनड्राइव्ह अडीच तासांत, म्हणजे सेकंदाला 57 मेगाबिट. आमच्या घरच्या वायफायला एवढं कधी जमलं नाही, आणि एसटी तर मधे चहालाही थांबली होती.

वाचणाऱ्यांनी पडद्यावर एक नजर टाकली आणि म्हणाले, "मूळ कागद आणा. उजेडात धरून बघावा लागेल." पासष्टी उलटल्यानं मला तिकीट अर्धं. चारही पानं खिशात घालून मीच जाऊन आलो.

काल आप्पाचा फोन होता. वाचन झालं, बारा पानं भरली.
"धाडतो लगेच," म्हणाला. "चांगलं स्कॅन करायला सांगितलंय."