एका माणसाचा पडाव

जत्रेला हौशे, नवशे आणि गवशे येतात. डोंगरातल्या काठी गावच्या राजवाडी होळीला यंदा आलेला पुण्याचा पाहुणा यांतला पहिला. ही होळी 1246 पासून चालत आल्याचं सांगतात. ती पेटते पहाटे. तोवर मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला भोपळे बांधलेले बुध्ये ढोलावर रात्रभर नाचत असतात. अशा ठिकाणी गादी घेऊन येणारा माणूस मुळातच संशयास्पद, आणि हौशा तर झोपायची खोलीच चाकांवर घेऊन आला होता.

गाडी ईको. 1984 साली मारुती व्हॅन म्हणून रस्त्यावर आलेली ओम्नी 2019 मध्ये बंद झाली, तिची ही वारसदार. दोघींचं इंजिन पुढच्या सीटखाली. त्यामुळे देवगोईचा घाट चढताना हौशाला वरून गार वारा आणि खालून शेक असा दुहेरी आनंद मिळाला होता.

गाडीपाशी दोघं थबकले. एक बारडोलीकडच्या उसाच्या फडातून होळीसाठी घरी आलेला तोडणीवाला, दुसरे जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी.

“यात किती जण झोपता?” तोडणीवाल्यानं विचारलं.

“मी एकटाच.”

“मग बाकीचे कुठे गेले?”

“बाकीचे नाहीतच, दादा. एकट्यानंच फिरायचं, अशी कल्पना आहे.”

तोडणीवाल्यानं गुरुजींकडे पाहिलं. घरी काहीतरी बिनसलं असावं, असा त्या बघण्याचा अर्थ होता. गुरुजींनीही तो खोडून काढला नाही.

हौशानं मागचं दार वर उचललं. अठरा मिलिमीटर प्लायचा पलंग, खाली कप्पे, कडेला बारा व्होल्टचा पंखा. “सगळं स्वतः केलंय. ड्रिलनं.”

“इथे होळीच्या दांड्याचा खड्डासुद्धा हत्यार न लावता हातानं काढतात,” गुरुजी म्हणाले.

हौशानं दाखवायला काढलेलं ड्रिल परत आत ठेवलं.

“आणि हे इंडक्शन. धूर नाही, काजळी नाही. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी आहे.”

गुरुजींचे डोळे चमकले. कुठेही गणित दिसलं की त्यांना राहवत नाही. “बारा गुणिले शंभर, बाराशे वॉट-तास. शिशाची बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे सहाशे. शेगडी किती वॉटची?”

“दोन हजार.”

“अठरा मिनिटं. इन्व्हर्टर खातो ते धरलं, तर त्याहून कमी. शिवाय बारा व्होल्टवर एकशे सहासष्ट अँपिअर ओढायचे, म्हणजे वायरी मनगटासारख्या हव्यात.”

“अठरा मिनिटांत भात होईल,” तोडणीवाला म्हणाला, “पण डाळीचं काय?”

“टपावर शंभर वॉटचं सोलर आहे ना!”

“त्यानं पंखा, दिवा, मोबाइल चालेल. डाळ नाही.” गुरुजींनी निकाल दिला.

हौशानं मग छोटा गॅस दाखवला. आतच पेटवतो, थंडीत ऊबही मिळते, म्हणाला. यावर मात्र दोघंही एकदम बोलले. तोडणीवाला म्हणाला, पडावावर चूल झोपडीच्या दाराबाहेर असते. गुरुजी म्हणाले, बंद जागेतल्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघू शकतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेल्याला तो कळतही नाही.

“तरीच काचा सकाळी ओल्या असतात का?”

“ते पाणी तुमच्या श्वासाचंच. गॅस त्यात भर घालतो. समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या ठेवा, आतून जाळी लावा.”

तोडणीवाल्याचं लक्ष एव्हाना टपावरच्या टाकीकडे गेलं होतं. “ती भरलेली आहे?”

“साठ लिटर. शॉवरसाठी.”

“साठ किलो डोक्यावर घेऊन घाट चढलात? आम्ही भांडी रिकामी नेतो, साहेब. जिथे पाणी, तिथे पडाव.”

हा माणूस उगाच बोलत नव्हता. या डोंगरातली कितीतरी कुटुंबं पावसाळा सरला की दक्षिण गुजरातच्या उसात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली असते. मग ट्रकमध्ये बिऱ्हाड आणि फडाजवळ बांबू-प्लास्टिकची झोपडी, तीही महिनोन्‌महिने. गाडीत काय घ्यावं आणि काय घरी ठेवावं, यावर हा तोडणीवाला कुठल्याही यूट्यूबवाल्याचा क्लास घेईल. त्याचे व्हिडिओ कोणी काढत नाही, एवढंच.

“भांडी किती आणलीत?” त्यानं विचारलं.

“अकरा.”

“आम्ही पाच माणसं, चार भांडी.”

गुरुजी दरम्यान आत डोकावत होते. “मागचं सीट दिसत नाही.”

“घरी आहे. गॅलरीत.”

“आरसीवर आसनं पाच, गाडीत दोन. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचलंय का? नोंदणीच्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये यावर बोट ठेवलंय. सीट जागेवर ठेवून सुटा, घडीचा पलंग केला असता, तर ते नुसतं सामान झालं असतं.”

“पण राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आहे की! 2021 चं.”

“धोरण आहे. त्यानं तुमच्या गॅलरीतलं सीट गाडीत येत नाही.”

तेवढ्यात तोडणीवाला कुठेतरी जाऊन परत आला. मागे काठ्या टेकत तीन म्हाताऱ्या, एक ढोल आणि एक शेळी. “साहेब, उद्या होळी पेटली की मोलगीला सोडाल ना यांना? जीपला जागा मिळत नाही.”

“सोडतो की!” हौशा खुलला.

“भाडं घेऊ नका,” गुरुजी म्हणाले. “नंबरप्लेट पांढरी आहे.”

“भाडं कोण देतंय!” तोडणीवाला म्हणाला.

“पण बसवणार कुठे? पलंग म्हणजे आसन नव्हे.”

तोडणीवाल्यानं पलंग हातानं दाबून पाहिला. “मग झोपून जातील.”