लुटलेल्यांनी परवान्यासह अर्ज करावा

बिअर पिणाऱ्याबद्दल महाराष्ट्रात कुणाला फारशी सहानुभूती नसते. त्यामुळे त्याला जवळजवळ दशकभर पद्धतशीर लुबाडलं गेलं, हे सरकारी आदेशात लिहून आलं तरी ना मोर्चा निघाला, ना विधानसभेत कुणी कागद भिरकावले. भारतीय स्पर्धा आयोगाने २४ सप्टेंबर २०२१ रोजी निकाल दिला, की युनायटेड ब्रुअरीज, कार्ल्सबर्ग इंडिया आणि एबी इनबेव्ह या कंपन्या २००९ पासून (कार्ल्सबर्ग २०१२ पासून) संगनमताने दर ठरवत होत्या. ज्या राज्यांत हे चाललं त्यांत महाराष्ट्रही होता. उत्पादन शुल्क खात्याकडे दरवाढ मागायला जायच्या आधी कुणी किती मागायची, हे आपसात ठरत असे. म्हणजे फळीवर बाटल्या एकमेकींकडे पाठ करून उभ्या, आणि त्यांचे मालक तुझ्या गळा माझ्या गळा. दंड झाला सुमारे ८७३ कोटी रुपयांचा, त्यातला साडेसातशे कोटींहून जास्त एकट्या युनायटेड ब्रुअरीजला. एबी इनबेव्हला मात्र काहीच नाही, कारण ती सर्वांत आधी जाऊन कबूल झाली, आणि आधी कबूल होणाऱ्याला पूर्ण माफी देण्याची तरतूद कायद्यातच आहे. ती योग्यही आहे. घरभेदी मिळाल्याशिवाय असली टोळी सापडत नाही. प्रश्न इतकाच, की कंपन्यांचा हिशेब लागला, कबुली देणारीला बक्षीस मिळालं, दंडाची रक्कम कलम ४७ प्रमाणे भारताच्या एकत्रित निधीत जायची, तर ज्याच्या खिशातून हे सगळं गेलं त्या गिऱ्हाइकाला काय? बाटलीवरचा कर राज्याचा, नफा कंपनीचा, दंड केंद्राचा. गिऱ्हाइकाच्या वाट्याला डोकेदुखी आली, आणि ती त्याने स्वतःच्या पैशाने विकत घेतली होती.

कायदा मात्र निष्ठुर नाही. तो म्हणतो, जरूर या. स्पर्धा कायदा, २००२ मधलं कलम ५३एन भरपाईसाठीच आहे, आणि त्याच्या चौथ्या पोटकलमात घोळक्याचीही सोय आहे: पुष्कळ लोकांचं सारखंच नुकसान झालं असेल तर त्यांतल्या एकाने किंवा काहींनी परवानगी घेऊन सर्वांच्या वतीने अर्ज करावा. घाई तेवढी करायची नाही. आधी आयोगाने, किंवा अपिलात न्यायाधिकरणाने, कायदा मोडल्याचं ठरवलेलं असलं पाहिजे. मग अर्ज न्यायचा दिल्लीला, राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे. सांगली-सोलापूरच्या दिवाणी न्यायालयाची पायरी चढू नये, कलम ६१ ने ती वाट बंद केली आहे. सामुदायिक अर्जाला दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या पहिल्या आदेशाचा आठवा नियम लागतो. त्याप्रमाणे बाकीच्या सगळ्या लुबाडलेल्यांना नोटीस द्यायची, आणि माणसं मोजण्यापलीकडची असतील तर जाहीर सूचना छापायची. खर्च अर्जदाराचा. ही सूचना ज्याच्या नजरेस पडेल त्याला ‘मलाही यात घ्या’ म्हणता येतं. सामील होण्याचा राजमार्ग तो हाच. तेव्हा वर्तमानपत्रातलं गहाळ खरेदीखतांचं आणि हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटांचं पान रोज डोळ्यांत तेल घालून वाचत जावं. कोण जाणे, एखाद्या सकाळी कुणाच्या तरी नावबदलाखाली तमाम महाराष्ट्राला दिल्लीचं आमंत्रण असायचं.

दिल्लीला पोचल्यावर नुकसान सिद्ध करायचं. २०११ सालच्या आषाढाअखेरी घेतलेल्या बाटलीचं बिल काढा. दुकानदाराने तेव्हा बिल दिलं होतं का? दिलं असेल तर छपाई उडून गेलेल्या त्या चिठोऱ्यावर दर वाचता येतो का? आणि महाराष्ट्रात आणखी एक मौज आहे. इथे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे आणि पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. त्यामुळे समोरच्या वकिलाने ‘अर्जदाराने त्या दिवशीचा परवाना दाखवावा’ एवढंच म्हटलं, की नुकसानभरपाई मागायला आलेला माणूस आरोपी होऊन परत जायचा. विनोदाचा भाग असा, की शब्दांपुरतं पाहिलं तर आपला कायदा अमेरिकेच्याही पुढे आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये इलिनॉय ब्रिक खटल्यात ठरवलं, की संघराज्याच्या कायद्याखाली भरपाई थेट खरेदी करणाऱ्यालाच मागता येईल, साखळीच्या टोकाला उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला नाही. आपल्याकडे ५३एन खाली कोणतीही व्यक्ती अर्ज करू शकते. दार अमेरिकेपेक्षा रुंद आहे, फक्त ते चौथ्या मजल्यावर आहे आणि जिना बांधायचा राहिला.

यावर व्यवहारी माणसं म्हणतील, बाटलीमागे पाच-दहा रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला? संगनमत चालतं ते नेमकं याच प्रश्नाच्या भरवशावर. दहा जणांची लाकडं, एकाचा भारा. ज्याची एक काटकी गेली तो कशाला भांडेल? एकेकट्याचं नुकसान भांडण्यालायक नसतं म्हणूनच भांडण सामुदायिक करावं लागतं, आणि पावती कुणाकडेच नसते म्हणूनच पावतीची अट सोडावी लागते. कॅनडात हे घडलं आहे. तिथल्या लॉब्लॉ या दुकानसाखळीने आणि तिच्या मूळ कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं, की पाकिटबंद ब्रेडचे दर २००१ पासून संगनमताने वाढवले जात होते. त्यांनीही आधी कबुली देऊन माफी पदरात पाडून घेतली. पण गिऱ्हाइकांना २५ डॉलरचं कार्ड देऊ केलं, आणि ते मिळवायला आपण सज्ञान आहोत व १ मार्च २०१५ पूर्वी ब्रेड घेतला होता एवढं जाहीर करणं पुरेसं होतं. टोरंटोतल्या मराठी घरालाही चौदा वर्षांच्या ब्रेडच्या पावत्या रद्दीतून उपसाव्या लागल्या नाहीत. कार्ड अर्थात त्यांच्याच दुकानात खर्चायचं होतं, म्हणजे चोराच्या हातची लंगोटी, तीही त्याच्याच दुकानातली. तरी प्रकरण तिथे मिटलं नाही. सामुदायिक दावे चालूच राहिले, आणि २०२४ मध्ये या कंपन्यांनी आधीच्या कार्डांची रक्कम धरून ५० कोटी कॅनेडियन डॉलर द्यायचं कबूल केलं. पंचवीस डॉलरवर भागलं असतं ते प्रकरण पन्नास कोटींवर गेलं, कारण मागे न हटणारा दावेदार उभा होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: असल्या दाव्यांत वकील गबर होतात आणि लोकांना चिल्लर मिळते. खरं आहे. ब्रिटनमध्ये वॉल्टर मेरिक्स यांनी मास्टरकार्डविरुद्ध २०१६ मध्ये सुमारे ४.६ कोटी लोकांच्या वतीने १४ अब्ज पौंडांचा दावा लावला. तिथे पद्धत अशी, की जो ‘मला वगळा’ म्हणत नाही तो आपोआप आत. तडजोड झाली २० कोटी पौंडांवर, आणि तीवरून मेरिक्स आणि दाव्यात पैसा घालणारा गुंतवणूकदार यांच्यातच जुंपली. मागणाऱ्याच्या हाती साधारण ४५ ते ७० पौंड येतील असा अंदाज. टिंगल करायला हे उदाहरण झकास आहे. पण आपल्याकडे तुलनेला काय ठेवायचं? बार कौन्सिलच्या नियमांनुसार भारतातल्या वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, म्हणजे ‘जिंकलो तर वाटा द्या’ म्हणून उभा राहणारा वकील इथे नाही. लोभी वकिलापासून गिऱ्हाइकाचं रक्षण आपण असं केलं, की त्याच्याकडे वकीलच उरला नाही. फीला मर्यादा घालून न्यायाधिकरणाने प्रत्येक वाटणी तपासावी, हा उपाय कळायला कायद्याची पदवी लागत नाही.

तिसरे म्हणतात, गिऱ्हाइकाला काही मिळो न मिळो, जबर दंड झाला की कंपन्यांना धडा मिळतो. धडा कसा मिळतो ते पाहू. धान्याच्या गोदामांत वापरायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांसाठी अन्न महामंडळाने २००९ मध्ये निविदा मागवल्या, तेव्हा तीन कंपन्यांनी दर भरला किलोला ३८८ रुपये. तिघींनीही. योगायोग म्हणावा तर तो एवढा काटेकोर. आयोगाने २०१२ मध्ये त्यांतल्या युनायटेड फॉस्फरसला २५२ कोटींचा दंड केला. अपिलात दंड संपूर्ण उलाढालीवर न धरता त्या गोळ्यांपुरत्या उलाढालीवर धरला गेला आणि सात कोटींच्या आत आला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते तत्त्व उचलून धरलं. सिमेंटचं तर विचारूच नका. २०१२ मध्ये अकरा कंपन्यांना सहा हजार कोटींहून जास्त दंड झाला, २०१५ मध्ये सुनावणीतल्या त्रुटीमुळे आदेश रद्द झाला, २०१६ मध्ये पुन्हा दंड, २०१८ मध्ये न्यायाधिकरणाचं शिक्कामोर्तब, आणि त्याच वर्षी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात. त्या सिमेंटच्या इमारतींत राहायला गेलेल्यांनी एव्हाना गळतीसाठी दोनदा वर्गणी काढली असेल. संसदेने २०२३ च्या दुरुस्तीत दंडासाठी कंपनीची जगभरची उलाढाल धरायची सोय केली. म्हणजे पुढचे दंड दणदणीत असतील. जातील मात्र तिथेच.

पैसा गिऱ्हाइकाचा होता हे सरकारला कळत नाही असं नाही, आणि इथे तर खात्यांची गंमत आहे. कंपनीने जादा भरलेलं उत्पादन शुल्क परत मागितलं आणि तिने ते आधीच गिऱ्हाइकाकडून वसूल केलेलं निघालं, तर परतावा कंपनीला न देता ग्राहक कल्याण निधीत टाकायचा, असा नियम १९९१ पासून आहे. जीएसटीचा दर उतरला आणि कंपनीने भाव उतरवला नाही, तर दाबून ठेवलेली रक्कम गिऱ्हाइकाला परत करायची, आणि गिऱ्हाईक सापडत नसेल तर ती याच धर्तीच्या केंद्र-राज्य निधीत जमा करायची, असा नियम मार्च २०२५ पर्यंतच्या तक्रारींसाठी होता. आणि हा जीएसटी नफेखोरीचा कारभार डिसेंबर २०२२ पासून सप्टेंबर २०२४ पर्यंत कुणाकडे होता? स्पर्धा आयोगाकडेच. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं एकाच आयोगात अशी स्थिती होती, की साबणाच्या वडीवर दोन रुपये दाबले तर ते गिऱ्हाइकाचे, आणि तीन साबणवाल्यांनी मिळून दहा दाबले तर ते भारत सरकारचे. अर्थखात्याकडे याचं उत्तर नक्की असेल. महसूल सोडायचा नसतो, हे ते उत्तर. पण दंडाचा दहावा हिस्सा जरी ग्राहक कल्याण निधीत वळवला आणि त्यातून ५३एनचे अर्ज, जाहीर सूचना आणि वकील यांचा खर्च भागवला, तर दिल्लीला जायला निदान तिकीट निघेल. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी १९७५ पासून हजारो कुटुंबांना एकत्र खरेदी करायला शिकवलं. ज्यांना एकत्र तूरडाळ घेता येते त्यांना एकत्र दावा लावता येणार नाही, असं मानायचं कारण नाही. परवान्याचा प्रश्न तेवढा राहतो. त्यासाठी उत्पादन शुल्क खात्याने २००९ ते २०१८ या काळाकरिता मागील तारखेपासून सरसकट परवाने द्यावेत. दरवाढीच्या फायली त्यांच्याच टेबलावरून मंजूर होऊन गेल्या होत्या, तेव्हा एवढी माणुसकी दाखवायला त्यांना हरकत नसावी.