कसाऱ्याचे बँकर

कसाऱ्याला भरपूर बँकर आहेत. हे ऐकून एखाद्या वधुपित्याने पत्रिका घेऊन पुढची लोकल पकडू नये, म्हणून आधीच खुलासा करतो. मुंबईपासून १२१ किलोमीटरवर, शहापूर तालुक्याच्या टोकाला जिथे लोकल संपते आणि सह्याद्री सुरू होतो, तिथले हे बँकर म्हणजे रेल्वेची इंजिनं.

नाशिककडे निघालेली मेल-एक्स्प्रेस कसाऱ्याला थांबते. ‘बँकर लागतोय’ असं डब्यात कुणीतरी जाणकारपणे सांगतं. नवखा प्रवासी वरचा पंखा बघतो. मागच्या टोकाला माणसं रुळात उतरून कपलिंग जोडतात, हवेचे पाइप जोडतात. एक हलकासा धक्का बसतो आणि हातातला चहा शर्टावर येतो. बाहेर पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं विकणाऱ्या बायकांना या धक्क्याचं काही नाही. गाडी अजून किती वेळ उभी राहणार, हे त्यांना आपल्या वेळापत्रकापेक्षा पक्कं ठाऊक असतं. मग पुढचं इंजिन ओढतंय, मागची ढकलताहेत, अशी गाडी थळ घाट चढते. इगतपुरीला बँकर सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी रिकाम्या हाताने खाली येतात. जन्मभर दुसऱ्याला वर चढवायचं आणि आपण परत खाली यायचं. पैशाच्या बँकरांबद्दल असं काही अजून कानावर आलेलं नाही.

मग यांना हे नाव कशाला? तर विलायती रेल्वेवाल्यांच्या बोलीत बँक म्हणजे चढ. बँक चढायला मदत करतो तो बँकर. हा शब्द जुना. जर्मन वळणाच्या भाषांमध्ये त्याच्या मुळाशी उंचवटा आहे, बसायचा बाकही आहे. उंचवट्यातून नदीचा काठ निघाला, मातीचा बांध निघाला, आणि पुढे रेल्वेचा चढ. बाक मात्र इटलीत गेला आणि त्याचं नशीब उघडलं. तिथल्या शहरांत नाणी बदलून देणारे सराफ बाक मांडून बसत, तो ‘बांका’. त्या बाकावरून आजची काचेच्या दारांची, टोकन नंबरांची बँक आली. दिवाळखोराला इंग्रजीत जे म्हणतात, तेसुद्धा ‘मोडका बाक’ अशा अर्थाच्या इटालियन शब्दांवरूनच आलेलं. पुढे तर ‘रक्ताची बँक’ निघाली आणि ‘मतांची बँक’ही. या शेवटच्या बँकेत ठेव आपली आणि व्याज दुसऱ्याला.

इंग्रजांच्या या कसरतीला हसायला जावं, तर आपल्या घरातही तेच निघतं. आपली पेढी पीठिकेच्या कुळातली, म्हणजे मुळात बसायची जागा. बसल्या बसल्या तिचीही सावकारी झाली. रक्तपेढीपर्यंत तीही पोचली. न्यायाधीश इंग्रजीत ‘बेंच’वर बसतात, आपल्याकडे खंडपीठात. बेंच हा बँकेचा भाऊबंद, पीठ पेढीचं. हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी एकमेकींना न विचारता पैसा आणि न्याय या दोन्ही गोष्टी बैठ्या कामांत जमा केल्या, याचं मला भारी कौतुक वाटतं.

त्याहून मोठी गंमत घाटाची. इंग्रजीत नदीचा काठ आणि रेल्वेचा चढ मिळून एकच ‘बँक’. मराठीत नदीकाठच्या पायऱ्या आणि डोंगरातली वाट मिळून एकच ‘घाट’. कसाऱ्याला गाडीत बसलेला यात्रेकरू एक घाट चढतो आणि नाशिकला गोदावरीचा दुसरा घाट उतरतो. भाड्यात फरक नाही.

आता तो चढ. थळ घाटात ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. बैलगाडीला हे किरकोळ वाटेल. लोखंडी रुळावरच्या लोखंडी चाकाला नाही. रेल्वे कसाऱ्याला आली १८६१ साली आणि इगतपुरीला पोचली १८६५च्या १ जानेवारीला. मधलं अंतर जेमतेम पंधराएक किलोमीटर! पुढे १९३० साली या घाटात वीज आली. तेव्हा आलेल्या विजेच्या इंजिनांच्या जातभाईंना युरोपात मगर म्हणत. आपल्या लोकांनी त्यांना खेकडा ठरवलं. आणि बँकर मागूनच का लावायचे? समजा चढावर एखादं कपलिंग तुटलंच, तर मागचे डबे परत कसाऱ्याकडे धावू नयेत. पुढे ओढणारा सगळ्यांना दिसतो. मागे सांभाळणारा फक्त गार्डाला.

अलीकडे बँकरांच्या धंद्यावर थोडी संक्रांत आली आहे. २०२३च्या फेब्रुवारीत सुरू झालेली मुंबई-शिर्डी वंदे भारत हा घाट कुणाच्या धक्क्याशिवाय चढते. तिच्या निम्म्या डब्यांखाली स्वतःच्या मोटारी आहेत, त्यामुळे ती कुणाचं कर्ज ठेवत नाही. पण इंजिनाने ओढायच्या भरल्या मालगाड्यांना आणि लांबलचक मेल गाड्यांना बँकर लागतातच. तेव्हा कसाऱ्याचे बँकर इतक्यात बुडत नाहीत.

तुमची गाडी कधी तिथे थांबली, तर शेवटच्या डब्याच्या खिडकीतून त्यांना जरूर बघा. चहा मात्र धक्का बसून गेल्यावर घ्या, आणि करवंदं घ्यायला फार लांब जाऊ नका. बँकर लागला की गाडी कुणासाठी थांबत नाही.