मीठ तिकडचे, खवा इकडचा

डेन्मार्क देशाशी धाराशिव जिल्ह्याचा काही ऋणानुबंध आहे असे म्हटले तर लोक हसतात. परंतु १६२० साली डॅनिश कंपनीने तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडी येथे आपली कोठी घातली, पुढे तंजावरची गादी भोसल्यांकडे आली, आणि ज्या भोसल्यांची कुलस्वामिनी तुळजापूरची भवानी, त्यांच्या दरबारी त्या गोऱ्या कोठीवाल्यांना सालोसाल खंड रुजू करावा लागला, ही इतिहासात नमूद असलेली गोष्ट आहे. त्या गादीवर तुळजाजी नावाचे राजेही होऊन गेले, हे कळल्यापासून तर डॅनिश लोकांविषयी माझ्या चित्तात एक प्रकारचे जहागीरदारी वात्सल्य उत्पन्न झाले असून, तिकडे नोकरीस असलेल्या माझ्या भाच्यास मी वसुलीवर रवाना केलेला कारकून समजतो.

हा कारकून यंदा रजेवर आला तो वसुलीऐवजी लेसो नावाच्या बेटाचे वर्णन घेऊन. बंदरातून दीडएक तास बोटीने गेल्यावर हे बेट लागते म्हणे. तेथे जमिनीखालचे खारे पाणी लाकडाच्या जाळावर आटवून मीठ काढतात, आणि ते आटताना पाहण्यासाठी दूरदूरचे सुशिक्षित स्त्रीपुरुष धुराने डोळे चोळीत भक्तिभावाने उभे राहतात. जुन्या घरांवर समुद्रगवताची जाडजूड छपरे. पुरुष दर्यावर गेलेले असत, म्हणून शाकारणीचे काम बायकांकडे.

"तिकडे लाकूड मिळत नाही का रे?" मी विचारले.

"होतं ना मामा. मिठाच्या भट्ट्यांनी सगळं जंगल खाल्लं. शेवटी १६५२ मध्ये मीठ आटवणंच बंद पडलं. मग फुटलेल्या गलबतांची लाकडं गोळा करून लोकांनी घरं उभारली. आताची भट्टी अलीकडं पुन्हा सुरू केलेली."

ज्यास आटवण्याचे एवढे कौतुक, त्याने आपल्या आजोळी काय आटते ते पाहिलेले नसावे, हे मला मामेपणास कमीपणा आणणारे वाटले, आणि मी त्यास भूम-वाशीच्या बाजूस खव्याच्या भट्टीवर नेले. पाच लिटर दूध ओतावे तेव्हा जेमतेम किलोभर खवा हाती यावा, आणि तेवढा वेळ माणसाने जाळासमोर उभे राहून कढईतले उलथणे क्षणभरही थांबवू नये, कारण हात थांबला की खवा करपला, असा तो व्यवसाय. भाच्याने मोबाईल काढला, "ऑथेंटिक!" असा उद्गार काढला आणि सवयीने तिकिटाची चौकशी केली.

"कशाचं तिकीट, एसटीचं?" भट्टीवाला म्हणाला. "पाव्हणं, जरा मागं सरा, जाळ लागंल."

या खव्यास कुंथलगिरीचे नाव असून अलीकडे भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, म्हणजे सरकारदरबारची सनद झाली. वास्तविक कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी तेथेच सल्लेखना घेऊन देह ठेवला. ज्या टेकडीवर अन्नत्यागाची परिसीमा झाली, तिच्याच नावाच्या पेढ्यांनी साऱ्या मुलखाची जीभ चाळवावी, या योगायोगाचा परिहार मला अद्याप कोणा शास्त्र्याकडून मिळालेला नाही. आम्ही मात्र तो विचार बाजूस ठेवून दुपारी हुलग्याची शेंगोळी आणि कडक भाकरी यांना यथास्थित न्याय दिला, व त्यावर पेढे खाल्ले.

निघताना भट्टीमागच्या सरपणाच्या गंजीकडे पाहून भाचा एकाएकी गंभीर झाला. "मामा, लेसोवर असंच झालं होतं." मुद्दा बिनतोड होता. त्या लोकांचे जंगल संपले तेव्हा छपरावर घालण्यास त्यांच्यापाशी निदान समुद्र तरी होता. आमच्या बालाघाटाच्या माथ्यावर पाऊससुद्धा मेहेरनजर झाली तरच येतो. काही ठिकाणी खव्याची यंत्रे आता विजेवर आणि सूर्याच्या उष्णतेवर चालू लागली आहेत, तर जुने खवय्ये कुरकुरतात की त्या खव्यास धुराचा गंध नाही. हा गंध हवाहवासा वाटणारे गृहस्थ भट्टीसमोर कधी उभे राहिलेले नसतात, असा माझा अनुभव आहे, आणि त्यांच्या तक्रारी दफ्तरी दाखल करून घेण्याचे मला कारण दिसत नाही.

वाचकांपैकी कोणी बीडच्या रस्त्याने जात असल्यास त्यांनी एखाद्या भट्टीपाशी थोडा वेळ अवश्य थांबावे. तिकीट नाही, फक्त पेढ्यांचा भाव करू नये.