बोरूबहाद्दराचा चाकू

धारकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव फारच मवाळ आहे. 'धारकर' हे आम्ही ठेवलेलं, आणि ठेवलं तेव्हा त्यांच्याजवळ चाकू नव्हता. चाकू घ्यायचा विचार होता. पुढचे चौदा महिने तो विचारच होता. नुसत्या विचारावरून माणसाला आडनाव पडल्याचं माझ्या माहितीतलं हे एकच उदाहरण.

वय त्रेपन्न. राहणार डोंबिवली. कचेरी फोर्टात, हिशेब खात्यात, माझ्या समोरचं टेबल. शर्टाच्या खिशात दोन निळी पेनं आणि एक लाल. लाल पेन फक्त इतरांच्या चुकांसाठी. चहात माशी पडली तरी कॅन्टीनच्या पोऱ्याला न बोलता माशी बाजूला काढून चहा पिणारा मनुष्य. असा मनुष्य एक दिवस डबा खाताना म्हणाला, "ऑफिसात नेण्याजोगा एक चाकू घ्यावा म्हणतोय." पोळीचा तुकडा मोडणारे आमचे चार हात जागच्या जागी थांबले.

कारण साधं होतं. कुरिअरचं ते चिवट प्लॅस्टिकचं पाकीट दातानं फाडताना धारकरांच्या दाढेची टोपी निघाली. दाताच्या डॉक्टरांनी टोपी परत बसवली, पैसे घेतले आणि दात हे हत्यार नव्हे असं वर ऐकवलं. दुसऱ्या कोणी त्या संध्याकाळी स्टेशनबाहेरून वीस-तीस रुपयांची सुरी घेतली असती. धारकरांनी वही घेतली.

वहीच्या पहिल्या पानावर अटी होत्या. खिशात फुगवटा दिसता कामा नये. बाहेर काढला तर समोरचा दचकता कामा नये. मिटताना बोट सापडता कामा नये. दिसायला नेटका हवा, पण इतकाही नको की लोक मागून घेतील. आणि शेवटची अट, लाल पेनानं: बायकोनं किंमत विचारली तर खोटं बोलावं लागता कामा नये.

रामपुरीचं नाव मीच काढलं, गमतीनं. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांची ही नामांकित कला. पण हिंदी सिनेमातल्या खलनायकांनी तो इतक्या वेळा उघडला, की आता रामपूरचं नाव काढलं तरी आपला हात आपसूक आपल्या पाकिटाकडे जातो. धारकरांनी मात्र गंभीरपणे विचार केला. "चाकू वाईट नाही हो," ते म्हणाले, "पण खटक्याचा आवाज! मिटिंगमध्ये मी पाकीट फोडायला तो 'खट्ट' केला, तर साहेब न बघता सगळी व्हाउचरं पास करतील." हिशेब खात्याच्या माणसाला याहून मोठं पाप ठाऊक नसतं. रामपुरी बाद.

मग ते परदेशी गेले. म्हणजे वहीतून.

पहिला मुक्काम फ्रान्स. तिथल्या सावॉय भागात जोसेफ ओपिनेल नावाच्या लोहाराच्या पोरानं 1890 मध्ये एक घडीचा चाकू काढला: बीचच्या लाकडाची मूठ, एक पातं, बस्स. 1955 पासून त्याच्या गळ्यात एक फिरती कडी आली. कडी फिरवली की उघडलेलं पातं मिटत नाही. चपलांसारखे त्याचे नंबर असतात. एक ते बारा असे निघाले आणि पुढे एक नंबर आणि अकरा नंबर बंद झाले. एक नंबर इतका चिमुकला होता की तो बंद झाल्याचं दुःख कोणाला झालं नसावं. पण अकरा का बंद झाला, या प्रश्नानं धारकरांना तीन आठवडे झोप नव्हती. अकरा नंबरचा चाकू त्यांना घ्यायचाही नव्हता. त्यांना हवा होता सहा.

सहावर मन बसलं, तर प्रश्न आला पोलादाचा. कार्बनचं पातं की स्टेनलेसचं? कार्बनला धार सुरेख लागते, परत लावायलाही सोपी. पण लिंबू कापलं की पातं काळंनिळं पडतं आणि ओलं राहिलं की गंजतं. मुंबईत जुलै महिन्यात बंद खणातल्या टाचण्यांनासुद्धा गंज चढतो. तरीही धारकरांचा जीव कार्बनवरच जडला. घरी त्यांनी हे समजावून सांगितलं, तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाल्या, "चिंचेनं विळी काळी पडते म्हणून दहा वर्षं नाक मुरडताय, आणि आता काळा पडणारा चाकू पैसे देऊन आणणार? आधी त्या विळीला धार लावून आणा." धारकर रविवारी विळी घेऊन धारवाल्याकडे गेले आणि त्याच्या सहाणेसमोर पाऊण तास बसून त्यालाच पोलादाचे प्रकार सांगून आले. धारवाल्यानं पुढच्या रविवारपासून गल्ली बदलली.

फ्रान्सातलाच दुसरा एक चाकू होता, कमरेत नाजूक बाक असलेला, पाठीवरच्या पट्टीवर धातूची मधमाशी बसलेला. इतका देखणा की धारकर त्याचं चित्र वहीत डकवून ठेवत. गावाचंच नाव चाकूला; पण लोणावळ्यात जशी प्रत्येक दुकानाची चिक्की 'मूळची', तसे या नावाचे चाकू कोणीही कुठेही बनवतं. खरा कुठला हे कळेना. शिवाय नावाचा उच्चार! स्पेलिंगमध्ये 'ग' दिसतो, बोलताना गडप होतो. लागिओल लिहायचं आणि लायोल म्हणायचं. "ज्याचं नाव चारचौघांत घेता येत नाही," धारकर म्हणाले, "तो खिशात बाळगणं बरं दिसत नाही." मधमाशीवर लाल फुली बसली.

माझ्या मते धारकरांचं खरं प्रेम जपानी चाकूवर होतं. हिगोनोकामी. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, पात्याच्या मागे अंगठ्यानं दाबायची छोटी शेपटी. ना स्प्रिंग, ना कडी, अंगठा दाबून ठेवलात तेवढाच काय तो भरवसा. जपानातली शाळकरी मुलं एकेकाळी यानं पेन्सिली तासत. हे वाचलं आणि धारकरांना आपल्या खटाटोपामागचं तत्त्व सापडलं. त्या दिवशी डबा तसाच राहिला.

"अहो, कारकुनाचं मूळ हत्यार चाकूच!" ते म्हणाले. "पेशवाईत मोडी लिहायचे ते बोरूनं. बोरूचं टोक दिवसातून किती वेळा झिजत असेल? ते छाटायला चाकू जवळ नको? इंग्रज पिसाच्या लेखणीनं लिहायचा, त्याच्या चाकूला म्हणूनच पेननाइफ म्हणतात. आपल्याला बोरूबहाद्दर म्हणतात ते चेष्टेनं. पण बहाद्दराच्या हाताशी पातं होतं! मग बॉलपेन आलं आणि आपण नुसते बोरू राहिलो." एवढं आवेशानं बोलताना मी त्यांना फक्त महागाई भत्त्याच्या वेळी पाहिलं होतं. पण अंगठ्याच्या भरवशावरचा चाकू घ्यायची हिंमत त्यांना झाली नाही. आपला अंगठा सही करतानाही कापतो, हे त्यांना ठाऊक होतं.

शेवटी सगळे येतात तिथेच तेही आले. स्वित्झर्लंड. श्विझ परगण्यातलं इबाख हे खेडं, 1884 साली कारखाना काढणारा कार्ल एल्सनर, 1891 मध्ये सैन्याला दिलेले पहिले चाकू: ही कथा आम्ही डब्यावर इतक्यांदा ऐकली, की एल्सनरच्या आईचं नाव व्हिक्टोरिया होतं हे मला माझ्या आजेसासूबाईंच्या नावाआधी आठवतं. आई 1909 मध्ये गेली, मुलानं तिचं नाव मालाला दिलं. 1921 मध्ये न गंजणारं पोलाद आलं, त्याचा 'इनॉक्स' पुढे जोडला आणि व्हिक्टोरिनॉक्स झालं. पण धारकरांना गहिवरून यायचं ते निराळ्या ठिकाणी. 1897 चा तो प्रसिद्ध 'ऑफिसर' चाकू सैन्यानं अधिकाऱ्यांना कधी दिलाच नाही. अधिकारी तो स्वतःच्या पैशानं विकत घेत. "म्हणजे बिल लावायची सोय नाही!" असं म्हणून धारकर काही क्षण स्तब्ध राहत.

खरेदीला मला बरोबर नेलं. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूचं दुकान. त्यांनी ठरवलेला चाकू मिटलेला 58 मिलिमीटर, वजन वीस-बावीस ग्रॅम. म्हणजे खिशातली किल्लीसुद्धा त्याच्यापुढे धिप्पाड वाटावी. त्यात एक पातं, एक कात्री, नखं घासायची कानस, एक चिमटा आणि एक दातकोरणी. दुकानदारानं चंदेरी मुठीचाही दाखवला. चंदेरी पाहून धारकर विरघळले. ऑफिसात शोभेल तर हाच. पण चंदेरीत चिमटा नाही, दातकोरणी नाही. वीस मिनिटं गेली. मागे गिऱ्हाइकं साठली. अखेर ज्या माणसाचा चाकूकडे प्रवास दाढेपासून सुरू झाला होता, त्यानं दातकोरणीला मत दिलं. लाल चाकू घेतला. किंमत हजाराच्या वर गेली, आणि घरी पोचेपर्यंत लाल पेनातली अट मोडायची की पाळायची याचा विचार करून ते घामाघूम झाले.

घोटाळा घरी गेल्यावर कळला. पातं उघडायला त्यावर नखाची खाच असते. आणि धारकरांना लहानपणापासून नखं कुरतडायची सवय. दहा बोटांत मिळून एक खाच धरेल एवढं नख नाही. चौदा महिन्यांच्या अभ्यासात पोलाद होतं, मूठ होती, कडी होती, फ्रेंच व्याकरण होतं. स्वतःचा अंगठा नव्हता. सव्वा महिना चाकू खणात राहिला आणि धारकर नख वाढवत बसले. लोकलमध्ये अंगठा मुठीत झाकून उभे राहत, तोंडात जाऊ नये म्हणून. "लग्नापासून सांगतेय नखं खाऊ नका," वहिनी म्हणाल्या, "चाकूचं बरं ऐकलंत."

याच सुमारास ऑफिसातल्या एका पोरानं त्यांना मोबाइलवर बातमी दाखवली. त्याच स्विस कंपनीच्या प्रमुखांनी 2024 मध्ये जाहीर केलं होतं, की जगभर चाकूंवरचे नियम कडक होत असल्यानं बिनपात्याची खिशातली हत्यारं तयार करायचं काम चालू आहे. धारकर दिवसभर बोलले नाहीत. वास्तविक पातं न उघडता चाकू बाळगण्याचा त्यांच्याइतका अनुभव त्या कंपनीलाही नसेल.

नख वाढलं. चाकू किल्ल्यांबरोबर ऑफिसात निघाला, आणि इमारतीच्या दारावर नव्यानं आलेल्या वॉचमननं हातातलं यंत्र त्यांच्या खिशावरून फिरवलं. ते कुईंकुईं करू लागलं. मी मागेच उभा होतो.

"साब, ये किसलिए?"

धारकरांचं हिंदी हे मराठीच, फक्त शेवटी 'है' लावलेलं. ते शांतपणे म्हणाले, "वो पाकीट काटने को लगता है."

वॉचमन दोन पावलं मागे सरला. "किसका पाकीट?"

"सबका. ऑफिस में जिसका-जिसका आता है, उसका."

पुढची दहा मिनिटं मी दुभाष्याचं काम केलं. धारकरांनी आपल्या (खऱ्या) पाकिटातून घडी घातलेला झेरॉक्स काढला. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे, तेही घरगुती, शेतीच्या वा कारखान्याच्या कामाची सुरी वगळून, आणि आपलं पातं जेमतेम दीड इंच आहे, हे त्यांनी अधोरेखित करून ठेवलेलं होतं. वॉचमननं झेरॉक्स उलटा धरून वाचला आणि तोडगा काढला: रोज रजिस्टरात नोंद. 'छोटा चाकू, लाल, 1. इन. आउट.' आम्हाला वाटलं धारकर चिडतील. ते खूश झाले. त्यांच्या चाकूचं आता लेजर झालं होतं.

आठवड्याभरात साहेबांच्या वाढदिवसाचा केक आला. बरोबरची प्लॅस्टिकची सुरी दुकानदार द्यायला विसरला. सगळ्यांनी धारकरांकडे पाहिलं. ते उभे राहिले, खिशात हात घातला, चाकू काढला, आणि क्रीमकडे पाहून त्यांचा चेहरा बदलला. "सांध्यात जाईल हो," ते पुटपुटले. "क्रीम सांध्यात गेलं की निघत नाही."

तेवढ्यात कॅशमधल्या बाईंनी पर्स उघडली आणि पिवळ्या मुठीची सुरी काढली. पात्याला जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचं घरी शिवलेलं म्यान. वीस वर्षं त्या कल्याण लोकलच्या लेडीज डब्यात परतीच्या वाटेवर भाजी चिरत होत्या. मुलुंडपर्यंत फरसबी, ठाण्यापर्यंत कांदा. ऑफिसात चाकू बाळगायचा म्हणजे विचार करावा लागतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. धारकर ती सुरी बघायला मागू लागले, तर बाईंनी ती हातात दिली नाही. टेबलावर ठेवली. "हातात देऊ नये, भांडण होतं." धारकरांनी उचलली, अंगठ्यानं धार पाहिली आणि बराच वेळ म्यानाची शिवण न्याहाळत राहिले. दुसऱ्या दिवशी वहीत एक नवं पान होतं, त्यावर पुठ्ठ्याचं चित्र.

चाकूचं पातं अजून नवं कोरं आहे. वापरात आहे ती कानस. वाढवलेल्या नखाला रोज अकरा वाजता आकार दिला जातो, आणि नख नीट आहे म्हणून ते आता कुरतडलं जात नाही. कुरिअरची पाकिटं फोडायला धारकर माझ्याकडे स्टीलची पट्टी मागतात.

दातकोरणी मात्र नवव्या दिवशी हरवली. बहुधा सातबावन्नच्या फास्टमध्ये, घाटकोपरच्या पुढे. ती सुटी मिळते, हे आम्ही चौकशी करून पक्कं केलं आहे. पण दोन मापांत येते, आणि दुकानात गेलं की मोठ्या मापाचीच पुढे करतात. धारकरांची वही सध्या या विषयावर चालू आहे. वाचकांपैकी कोणाजवळ 58 मिलिमीटरच्या चाकूची लहान दातकोरणी जास्तीची असेल, तर कृपया कळवावं. मोठी पाठवू नये. ती बसत नाही.