मुखपृष्ठाचं सोवळं

भारतीय लेकरांच्या इंग्रजीला विलायती फुलांचा वास येतो, हे अखेर दिल्लीच्या ध्यानात आलं. एनसीईआरटीचं सहावीचं इंग्रजी पुस्तक होतं ‘हनीसकल’. 2024मध्ये ही वेल उपटून तिथे ‘पूर्वी’ राग लावण्यात आला. पहिली-दुसरीला ‘मृदंग’ त्याआधीच आला होता, तिसरीला ‘संतूर’ मिळाला. ‘मॅरीगोल्ड’चीही गच्छंती झाली. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू परका कसा, हे विचारायची सोय नाही. तो मुळात मेक्सिकोचा, हे कुणीतरी समितीला सांगितलं असावं.

2025च्या एप्रिलमध्ये केरळचे शिक्षणमंत्री व्ही. शिवनकुट्टी या हिंदी नावांवर कडाडले. बंगळुरूत पेच जरा निराळा. चामराजपेटेत रामनवमीला महिनाभर कर्नाटक संगीताच्या मैफली झडतात. तिथल्या वीणा ऐकणाऱ्या पोराला काश्मीरचं वाद्य आणि उत्तरेचा राग ‘आपला’ म्हणून दिला, की झालं भारतीयीकरण! अर्थात संतूर त्याला न्हाणीघरातून ठाऊक आहे. तो साबण बनवणारा विप्रो समूह इथलाच. आता पोरं हात धुऊन इंग्रजीच्या मागे लागतील.

गंमत म्हणजे, या प्रश्नावर सर्वांत धीट प्रयोग याच शहराच्या नावाने झाला. एन. एस. प्रभू मद्रासला ब्रिटिश कौन्सिलमध्ये होते. 1979 ते 1984 या काळात त्यांनी बंगळुरूच्या रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशच्या साथीने दक्षिणेतल्या काही शाळांत इंग्रजीचे वर्ग चालवले. व्याकरणाची घोकंपट्टी नाही, डॅफोडिल्सही नाहीत. मुलांपुढे रेल्वेचं वेळापत्रक किंवा नकाशा ठेवायचा आणि त्यावरचं कोडं इंग्रजीतून सोडवायला लावायचं. डोकं कोड्यात गुंतलं की भाषा आपसूक मुरते, असं प्रभूंचं म्हणणं. ‘बँगलोर प्रोजेक्ट’ हे नाव भाषाशिक्षणाच्या जगात आजही घेतलं जातं. पण त्यात मुखपृष्ठ बदलायला वावच नव्हता, मग समित्यांनी करायचं काय?

पुढे कॉल सेंटरांनी तर उलटी गंगा वाहवली. दिवसाची सुजाता रात्री सुझन होऊन बेसबॉल आणि थँक्सगिव्हिंगचे धडे गिरवू लागली. तेव्हा सांस्कृतिक औचित्यावाचून कुणाचं काही अडलं नाही; महिन्याच्या महिन्याला पगार येत होता.

आता उपाय एकच. प्रत्येक राज्याने आपापलं वाद्य दिल्लीला पाठवावं. महाराष्ट्राने तुतारी पाठवली, तर तेवढी निवडणूक आयोगाची परवानगी घ्यावी लागेल.